डोक्यात बसलेला भाव

लातूर जिल्ह्यातल्या सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्यांच्या सभापतींना आणि संचालकांना,



हे पत्र निलंग्याहून लिहितो आहे, पण ते एकट्या निलंग्याच्या समितीला नाही. औराद शहाजानीपासून उदगीर-अहमदपूरपर्यंत सगळ्यांना आहे, आणि साऱ्या जिल्ह्याचे कान जिकडे लागलेले असतात त्या लातूरच्या आडत बाजारालाही. तक्रार कसलीच नाही. वजनकाटा, ओलावा, पट्टीला लागणारा उशीर यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांना लिहू द्या. माझं मागणं तुमच्या आवारातल्या भावफलकाबद्दल आहे. त्यावर काय लिहावं आणि कसं लिहावं, एवढंच. हे एका ओळीतही मागता आलं असतं. पण एका ओळीचा अर्ज फायलीत किती लवकर जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

ऑगस्ट २०२१ आठवा. लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्या मालाच्या हंगामाचा हमीभाव होता ३,८८०. गावोगाव मोबाईलवर तो आकडा फिरला. चहाच्या टपरीवर, पिंपळाखाली, एसटीत दुसरा विषय नव्हता. पण त्या दिवशी विकायला सोयाबीन होतं कुणाकडे? आपल्यातल्या बहुतेकांनी २०२० च्या दिवाळीच्या आगेमागे चार हजारांच्या आसपास माल घालून देणी भागवली होती. बियाण्यासाठी राखलेलं होतं ते जूनमध्ये मातीत गेलं होतं. उरलेला माल व्यापाऱ्यांच्या गोदामांत आणि थांबायची ऐपत असलेल्या थोड्या घरांत. भाव दहा हजार निघाला हे खरं, आणि तो आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पडला नाही हेही तितकंच खरं. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पुढे नवा माल बाजारात आला आणि दसऱ्याच्या सुमाराला भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता.

भाव उतरला, पण तो आकडा कुणाच्या डोक्यातून उतरला नाही.

मागल्या एका हंगामात आडतीवर बसलो होतो. शेजारच्या गावचे एक तात्या टेम्पोत दहा-बारा कट्टे घालून आले. हमालाने एक कट्टा सोडला. खरेदीदाराने मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, चार काड्या उडाल्या. मशीनवर ओलावा बाराच्या आत. डागी नाही, खडा-माती नाही, माल चोख. भाव सांगितला चार हजार दोनशे. तात्यांनी काही न बोलता कट्ट्याचं तोंड आवळायला घेतलं.

“काय झालं तात्या?”

“दहानं गेलेला माल हाय ह्यो. चारनं घालायचा व्हय?”

“तुमचा कवा गेलता दहानं?”

“माझा न्हाई. पण गेलता की.”

आडतदार हसला नाही, कारण त्याला हे दिवसातून चारदा ऐकावं लागतं. भाडं दोन्हीकडचं अंगावर घेऊन टेम्पो परत गेला.

तात्यांना अडाणी म्हणणारे भेटतात, आणि त्यांत कृषी पदवीधरही असतात. म्हणून सांगतो, १९७४ साली डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात एक प्रयोग आहे. आकड्यांचं एक चक्र लोकांसमोर फिरवलं आणि विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश शेकडा किती? चक्रावर आलेल्या आकड्यापेक्षा जास्त की कमी ते आधी सांगा, मग नेमका अंदाज द्या. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता, आणि ते समोर बसलेल्यांना दिसत होतं. तरी ज्यांच्यापुढे ते १० वर थांबलं त्यांच्या अंदाजांचा मध्य आला २५, आणि ज्यांच्यापुढे ६५ वर थांबलं त्यांचा ४५. त्यात गंमत अशी की चक्र मुळात हातचलाखीचं होतं. ते १० किंवा ६५ यांवरच थांबेल अशी सोय केलेली होती.

कानात पडलेला पहिला ठळक आकडा मनात ठाण मांडतो आणि पुढचे सगळे अंदाज त्याच्याभोवती घुटमळतात. आपल्या चक्रात तर हातचलाखी नव्हती. दहा हजारांवर ते खरोखर थांबलं होतं, आपल्याच बाजारात, आपल्या डोळ्यांदेखत. मग ते विसरायचं कसं?

याच दोघांनी १९७९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही, मनात धरलेल्या एका खुणेपासून मोजतो. आणि त्या खुणेच्या खालचं दुःख वरच्या आनंदापेक्षा भारी असतं. पुढच्या मोजणीत ते साधारण दुप्पट भरलं. तात्यांनी बियाणं, खत, फवारणी, कापणी, रास असा खर्च धरला असता तर चार हजार दोनशेत काय सुटतं याचा हिशेब निघाला असता. थोडं सुटलं असतं किंवा थोडं बुडालं असतं. पण त्यांची खूण दहा हजारांवर होती, म्हणजे त्यांच्या लेखी क्विंटलमागे पाच हजार आठशेचा तोटा समोर उभा होता. एवढा तोटा स्वतःच्या सहीने कोण पदरात घेईल? माल घरी ठेवला की तोटा ‘झाला’ असं म्हणावं लागत नाही, तो ‘व्हायचा’ राहतो. कानेमन यांना या कामासाठी २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ लाच गेले होते, आणि हे पारितोषिक मृत्यूनंतर देत नाहीत. पुढे शेअर बाजारातही हेच दिसलं. लोक चढलेला शेअर घाईने विकतात आणि पडलेला उराशी धरून बसतात. तिथे कट्टे नसतात, टेम्पोचं भाडं नसतं, बाकी सगळं तात्यांसारखंच.

थांबणं नेहमीच चुकीचं असतं असं मात्र मी म्हणत नाही, आणि इथेच खरा घोळ आहे. २०२१ चा माल ज्यांनी एप्रिल २०२२ पर्यंत ठेवला त्यांना सात हजारांच्या वर भाव मिळाला. त्यांनी गावात छाती काढून सांगितलं, आणि सांगावंच. ‘थांबलं की मिळतं’ हा धडा त्या एका वर्षावरून गावोगाव पक्का झाला. पुढच्या वर्षी सगळेच थांबले. भाव खाली येत गेला, तो २०२३ च्या मध्यावर पाच हजारांच्याही आत आला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ आणि बाजार त्याच्याही खाली, अशी गत झाली. एका वर्षाच्या अनुभवाला आपण नियम समजलो. ज्यांच्या घरी दोन-दोन वर्षांचे कट्टे एकावर एक रचलेले मी पाहिले त्यांच्यात शिक्षक होते, बँकेतून निवृत्त झालेले होते, एक सीएही होते.

तुरीचं तर याहून स्वच्छ उदाहरण आहे. २०१५ च्या अखेरीला तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. २०१६ च्या मृगात ज्याच्या तोंडी बघावं त्याच्या तोंडी तूर. पाऊसही मनासारखा झाला. देशाचं तुरीचं उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे २६ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या वर गेलं, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात ५,०५० च्या हमीभावाने तूर घालायला खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. बारदाना संपला, केंद्रं बंद पडली. प्रत्येकाने मागचा भाव बघून पेरलं. शेजारीही तोच भाव बघून पेरतो आहे, हे कुणी मनात धरलं नाही. दुसऱ्याच्या बांधावरचं पीक दिसतं, दुसऱ्याच्या डोक्यातलं दिसत नाही.

आता फलकाकडे येतो. पणन मंडळाच्या तक्त्यात रोज तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. फोनवर फिरतो तो कमाल. “आज लातूर पाच हजार!” असा संदेश सकाळी अकराला येतो आणि संध्याकाळपर्यंत शंभर गटांत पोचतो. तो भाव मिळालेला ढीग बहुधा एखादाच असतो, बियाण्यासाठी निवडून उचललेला, टपोऱ्या दाण्याचा. लातुरात शिरताना चौकाचौकात ‘नीट’ परीक्षेतल्या गुणवंतांचे फलक लागलेले दिसतात, त्यातलाच हा प्रकार. फोटो खरे, गुणही खरे. फक्त ज्यांना जागा मिळाली नाही त्या पोरांना त्या फलकावर जागा नसते. कमाल भाव खोटा नसतो. तो एकटाच दिसतो, एवढंच त्याचं पाप.

म्हणून पहिलं मागणं: सर्वसाधारण भाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहा. त्याखाली, आज आलेल्या प्रत्येक शंभर क्विंटलांपैकी किती कोणत्या भावाने गेले, ते तीन-चार ओळींत. टक्केवारी नको, ‘शंभरातले बासष्ट’ अशा भाषेत. गर्ड गिगरेन्झर नावाचे एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, कानेमन यांच्याशी त्यांचा जन्माचा वाद राहिला. त्यांचं म्हणणं असं की माणसाचं डोकं वाईट नसतं, त्याच्यापुढे माहिती वाईट तऱ्हेने मांडलेली असते. तीच माहिती मोजदादीच्या रूपात दिली की डॉक्टरांपासून सामान्य माणसापर्यंत सगळे बरा हिशेब करतात. या दोघांच्या भांडणात मी पडत नाही. फलकापुरते गिगरेन्झर आपल्या कामाचे आहेत.

दुसरं: गेल्या दहा वर्षांत याच आठवड्यात सर्वसाधारण भाव काय होता, ते दहा आकडे ओळीने लिहा. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर नको की समिती नेमायला नको. तुमच्या दप्तरात ते सगळं पडून आहे. डोक्यात एकच आकडा असला की तो राज्य करतो. दहा आकडे शेजारी उभे राहिले की त्याला रांगेत उभं राहावं लागतं. तात्यांना “दहा हजार विसरा” असं सांगून काही होणार नाही. मन सांगून विसरत नसतं. त्याच्यापुढे आणखी काहीतरी ठेवावं लागतं.

तिसरं मागणं थांबण्याच्या खर्चाचं. समजा भाव ४,३०० आहे आणि घरची नड आहे म्हणून तेवढीच रक्कम कुणाकडून महिना शेकडा दोनने उचलली, माल मात्र घरातच ठेवला. वर्षाने व्याज झालं १,०३२. म्हणजे ५,३३२ भाव मिळाला तर आजच्या इतकेच पैसे हाती आले. त्यात सुकून घटलेलं वजन धरलेलं नाही, उंदीर धरलेले नाहीत. याउलट पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजारभाव आणि हमीभाव यांत जो कमी असेल त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी, दरसाल सहा टक्क्यांनी. ४,३०० वर ३,२२५ रुपये उचल, आणि सहा महिन्यांचं व्याज शंभर रुपयांच्या आत. हे दोन हिशेब फलकाच्या उजव्या अंगाला कायमचे रंगवून ठेवा. थांबायचं असेल त्याने खुशाल थांबावं, पण काय भावाने थांबतो आहे ते त्याला दिसावं. आणखी एक गोष्ट यात आपोआप होते. तारणाच्या कर्जाला मुदत असते. घरात रचलेल्या कट्ट्यांना मुदत नसते, त्यामुळे ‘आज विकू का’ हा प्रश्नच कुणी स्वतःला विचारत नाही. १८० दिवसांनी तो विचारावाच लागतो.

कुणी म्हणेल, मन असं एका घटनेला चिकटतं हा दोषच आहे, तो काढून टाका. आपल्या तालुक्यात राहून मला तसं म्हणता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आलं. त्यानंतर या भागात लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला. दोष दगडाचा कमी, आणि भिंतीत सांधणारे लांब दगड न घातल्याचा, डोक्यावरच्या मातीच्या ओझ्याचा जास्त, असं अभियंते समजावत राहिले. पण ज्याने घरच्या माणसांना दगडांखालून काढलं त्याला पत्रा बरा वाटला. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या हासोरीला जमिनीतून आवाज येऊ लागले तेव्हा तज्ज्ञ पोचायच्या आधी किल्लारी पोचली होती, प्रत्येकाच्या मनात. त्या भीतीला मी चूक म्हणणार नाही. १९९२ मध्येही किल्लारीच्या परिसरात धक्के बसत होते, आणि वर्षभराने काय झालं ते आपण पाहिलं. आवाज ऐकून अंगणात झोपणाऱ्याचा अंदाज चुकला तर एका रात्रीची झोप जाते, आणि बरोबर ठरला तर घरची माणसं वाचतात.

एका घटनेवरून पुढचं ओळखणं ही मनाची जवळची वाट आहे. पिढ्यानपिढ्या माणूस तिने चालत आला आणि बहुतेक वेळा मुक्कामी पोचला. सोयाबीनच्या भावात मात्र चुकण्याची किंमत उलटी पडते. इथे आठवण वाचवत नाही, इथे ती व्याज लावते. म्हणून फलक हवा. भूकंपासाठी मला फलक नको.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर या पत्राचा कुणीतरी सोयीचा अर्थ काढेल. सोयाबीनचा भाव पडला तो शेतकऱ्याच्या डोक्यात खोट आहे म्हणून नव्हे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. आयात शुल्क कधी उतरवायचं, कधी चढवायचं हे दिल्लीत ठरतं. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले, तेही तिथूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क वीस टक्क्यांवर नेलं, तरी त्या हंगामात आपला बाजार हमीभावाला टेकला नाही. हमीभाव पुढच्या वर्षी ५,३२८ झाला. खरेदी केंद्र वेळेवर उघडलं नाही तर तोही फलकावरचा आणखी एक आकडा. ही भांडणं भांडायचीच आहेत आणि ती तुमच्या फलकावर मिटणार नाहीत. पण दिल्ली जे करेल ते करेल. त्या धक्क्यात आपल्याच हिशेबाची भर कशाला?

मनाने असं फसण्याची सवय म्हणाल तर ती फक्त शेतकऱ्याला आहे असंही नाही. भाव पडला की दुसऱ्या दिवशी आवारात एकही माणूस असा भेटत नाही ज्याला तो पडणार हे आधी ठाऊक नव्हतं. “मी म्हणलोच होतो.” आडतदार म्हणतो, प्लँटवाला म्हणतो, निलंगा राईसच्या गाड्यावर प्लेट हातात घेऊन उभा असलेला ट्रकवालाही म्हणतो. हे खोटं बोलत नाहीत. निकाल कळला की आपण तो आधीच ओळखला होता असं मनाला प्रामाणिकपणे वाटू लागतं. पण त्यातून नुकसान असं होतं की कुणाचा अंदाज किती चालतो याची नोंद कुठेच राहत नाही, आणि जो मोठ्याने बोलतो तोच जाणकार ठरतो. मग त्याच्या शब्दावर पुढच्या वर्षी शंभर घरं थांबतात.

यावर शेवटचं मागणं, आणि हे फुकटात होण्यासारखं आहे. दसऱ्याला, नवा माल येऊ लागला की, समितीच्या कार्यालयात एक पेटी ठेवा. प्रत्येक आडतदाराने, खरेदीदाराने, आणि ज्या शेतकऱ्याला वाटेल त्याने, गुढीपाडव्याला सोयाबीनचा सर्वसाधारण भाव काय असेल तो एक आकडा कागदावर लिहावा, खाली सही करावी आणि पाकीट बंद करून पेटीत टाकावं. पाडव्याला सौद्याच्या आधी सगळ्यांसमोर पेटी उघडा आणि आकडे फलकावर लिहा. नावं लिहायची की नाही ते तुम्ही ठरवा. पहिल्या वर्षी न लिहिलेली बरी, नाहीतर दुसऱ्या वर्षी पेटी रिकामी राहील. माझा अंदाज असा आहे की ते आकडे एकमेकांपासून इतके लांब असतील की ‘जाणकारांचं म्हणणं’ या नावाने फिरणाऱ्या संदेशांकडे लोक जरा थांबून बघू लागतील. हा माझाही अंदाजच आहे, त्याचं पाकीट मी पहिल्याच दिवशी टाकीन.

सभापतींनीही एक टाकावं.

आपला,
निलंगा तालुक्यातला एक सोयाबीन उत्पादक